मधे न येण्याची कला

डॉग शोच्या रिंगमध्ये हँडलरला पाळावी लागणारी पहिली शिस्त ऐकायला अगदी सोपी आहे: परीक्षक आणि कुत्रा यांच्या मधे यायचं नाही. परीक्षक या बाजूला आला की आपण कुत्र्याच्या त्या बाजूला व्हायचं, आणि तेही कुत्र्याची मान हलू न देता. घाटकोपर-मुलुंडकडची बारा-तेरा वर्षांची मुलगी हे शिकते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत. भाऊ खोटाखोटा परीक्षक होतो आणि वॉचमनला फुकटची करमणूक मिळते.

एरवी शोमध्ये पारख होते ती कुत्र्याची. त्या जातीचं डोकं, पाठ, दात, चाल कशी असावी याचे लेखी निकष असतात, त्यांच्याशी तो ताडून पाहिला जातो. ज्युनिअर हँडलिंग या मुलांच्या स्पर्धेत मात्र गुण मुलीला. कुत्रा देखणा नसला तरी चालतं. ती त्याला कसं उभं करते ते पाहायचं. पुढचे पाय खांद्यांखाली सरळ आणि मागचे घोट्यापासून जमिनीपर्यंत काटकोनात. कान-डोळे समोर, कारण समोर तिच्या मुठीत उकडलेल्या कलेजीचा तुकडा आहे. मग परीक्षक सांगेल तसं त्रिकोणात पळायचं, नाहीतर सरळ जाऊन परत यायचं. लॅब्राडोरची ढांग आणि तेरा वर्षांच्या मुलीची ढांग जुळवायला महिने जातात. ती फार पुढे गेली तर लीड ताणली जाते, मागे राहिली तर कुत्रा वळून तिलाच शोधतो. आणि पोटात गोळा आला असेल तर तो लीडमधून थेट कुत्र्याच्या गळ्यापर्यंत पोहोचतो. तिथे तोंडदेखलं हसून भागत नाही.

लंडनमध्ये सुरू झालेला क्रफ्ट्स हा डॉग शो 1891 सालचा, न्यूयॉर्कचा वेस्टमिन्स्टर 1877 सालचा. मुलांसाठी वेगळी स्पर्धा मात्र अमेरिकेत 1930 नंतर रुजली. आपल्याकडे जातिवंत कुत्र्यांच्या नोंदी चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया ठेवते, आणि शोचा हंगाम बहुतेक थंडीतला. शो मुंबई शहरात असला की उपनगरातल्या घरांत पहाटेच धांदल उडते, कारण रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे जात नाही. टॅक्सीवाला आधी कुत्र्याकडे पाहतो, मग भाड्याचं बोलतो.

मला या शोंबद्दल एक तक्रार आहेच. चपट्या नाकाची कुत्री मुंबईच्या दमट हवेत धापा टाकत उभी असतात आणि गळ्यात बिल्ले मिरवतात, हे काही बघवत नाही. लातूरकडच्या जानवळच्या कारवान कुत्र्याला किंवा घोरपड्यांच्या संस्थानामुळे नावारूपाला आलेल्या मुधोळला या हवेचं कौतुक नाही, पण गर्दी असते ती लॅब, गोल्डन आणि शित्झूंची. मुलीला यातलं काही निवडता येत नाही. घरात जो आला तो तिचा.

पण तिची खरी परीक्षा असते ती काही परीक्षक मुलांना एकमेकांची कुत्री बदलायला लावतात तेव्हा. वर्षभर घोटलेलं सगळं अर्ध्या मिनिटात दुसऱ्याच्या हातात. समोर अनोळखी कुत्रा, ज्याला तिचा आवाज ठाऊक नाही, तिच्या हातची कलेजी ठाऊक नाही, आणि ही स्पर्धा आहे हे तर कुठल्याच कुत्र्याला ठाऊक नसतं. घाईने पाय धरून जागेवर ठेवणारी मुलगी तिथेच अडकते. दुसरी आधी नुसती बाजूला उभी राहते, हात हुंगू देते, लीड सैल सोडते. तिचे चार-सहा क्षण वाया गेल्यासारखे दिसतात. जाणता परीक्षक नेमके तेच पाहत असतो, कारण पाठ केलेलं तिथे संपलेलं असतं.

रिंगच्या दोरीपलीकडे आईवडील असतात. आपल्या मुलीपेक्षा तेच जास्त घामाघूम. 'अगं, मागचा पाय बघ त्याचा!' असं कुणीतरी न राहवून ओरडतं. ओळखीचा आवाज ऐकून कुत्रा मान वळवतो, शेपटी हलवतो आणि जमवून आणलेली ठेवण मोडते. जगभरच्या बहुतेक मोठ्या शोंमध्ये बाहेरून हाका मारून कुत्र्याचं लक्ष वेधायला मनाईच आहे, परीक्षक त्याबद्दल टोकू शकतो. दहावीच्या वर्षाला असा नियम नाही, नाहीतर बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या निम्म्या पालकांना दोरीपासून लांब उभं राहावं लागलं असतं. मुलगी मात्र बाहेर बघत नाही. ती खाली वाकते, तो पाय पुन्हा जागेवर ठेवते आणि परीक्षक वळायच्या आत पलीकडच्या बाजूला गेलेली असते.