माझ्या हातून

‘वेक इन फ्राइट’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाकडे मी वळलो ते तो हरवल्याची गोष्ट वाचून. १९७१ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेलेला हा चित्रपट पुढे जवळजवळ नाहीसाच झाला. त्याचे संकलक अँथनी बकली अनेक वर्षे मूळ निगेटिव्हचा माग काढत राहिले. अखेर २००४ मध्ये ती अमेरिकेत, पिट्सबर्गला सापडली. नष्ट करायचा माल अशी खूण केलेल्या सामानात. दुरुस्त झालेली प्रत २००९ साली पुन्हा कानलाच दाखवली गेली. अशा सुटकेच्या गोष्टी आम्हां पुस्तकी माणसांना फार आवडतात. चित्रपट पाहून झाल्यावर मात्र वाटले की तो हरवलेलाच राहिला असता तर मी जरा सुखात असतो.

केनेथ कुक यांच्या १९६१ च्या कादंबरीवर टेड कोचेफ या कॅनेडियन दिग्दर्शकाने तो केला. जॉन ग्रँट हा तरुण शिक्षक शिक्षण खात्याशी केलेल्या करारामुळे उजाड माळावरच्या एका शाळेत अडकला आहे. नाताळच्या सुट्टीत तो सिडनीला निघतो. वाटेत बुंडानयाब्बा या खाणीच्या गावात एकच रात्र काढायची असते. तिथला पोलीस त्याला बिअर पाजतो, दोन नाणी उडवायच्या जुगाराचा अड्डा दाखवतो, आणि सकाळपर्यंत ग्रँटचे सगळे पैसे गेलेले असतात. मग परक्यांची दारू, परक्यांची घरे, आणि एका रात्री कांगारूंची शिकार. तीत हा शिकलेला, गावंढळांना हसणारा माणूस एका जखमी कांगारूला सुरीने मारतो.

या गावात त्याला कोणी लुटत नाही, कोंडून ठेवत नाही. सगळे फक्त आग्रह करतात.

हा शब्द मला दुसऱ्या भाषेत कधीच धड नेता आलेला नाही. पंगतीत ‘अजून एक घ्याच’ म्हणणारा यजमान, ताटावर आडवा धरलेला पाहुण्याचा हात, आणि तरीही पानात पडलेली जिलबी, हे सगळे त्यात आहे. मुळाशी धातू आहे ‘ग्रह्’, म्हणजे पकडणे. आपण आग्रहाला प्रेम मानतो, आणि बहुधा ते असतेही. पण नाही म्हणणाऱ्याला जिथे अपराधी ठरवले जाते, तिथे त्या प्रेमाची पकड जाणवते. ग्रँट एकदा पेला नाकारतो, तेव्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो अपमान उमटतो, तो मी पाहिलेला आहे. खरे सांगायचे तर मी तो चेहरा स्वतःही वापरला आहे.

एम.ए.ला असताना आमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाचा एक अबोल मुलगा आला होता. एका रात्री सगळ्यांनी त्याला प्यायला बसवायचे ठरवले. तो ऐकेना. ‘तुझं ऐकेल, तू मऊ बोलतोस,’ असे म्हणून पेला माझ्या हातात दिला गेला. मी मऊ बोललो, आणि त्याने माझे ऐकले. पुढे त्या रात्री जे काही चालले, त्यात मी हसणाऱ्यांत होतो. महिन्याभरात तो खोली सोडून गेला. ही हकीकत मी नंतर दोन-तीनदा कुणाकुणाला सांगितली, आणि प्रत्येक वेळी म्हणालो, ‘त्या वयात, त्या वातावरणात माझ्याकडून झालं.’

मराठीत ही सोय आहे. ‘मी केलं’ आणि ‘माझ्या हातून झालं’ यांत हात तोच असतो, पण दुसऱ्या वाक्यात माणूस त्या हातापासून जरा बाजूला उभा राहतो. ग्रँटबद्दल लिहायचे झाले तर अनुवादक म्हणून मी काय लिहीन? ‘त्याच्या हातून कांगारू मारला गेला’ की ‘त्याने कांगारू मारला’? पहिले वाक्य खोटे नाही. दारू, गाव, उन्हाळा, टोळके, सगळे त्याला तिथवर घेऊन आले. पण सुरी त्यांतल्या कुणीच चालवलेली नाही. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या एका खेळाला एक प्रेक्षक ‘हे आम्ही नव्हे’ असे ओरडला आणि चित्रपटातलाच नट जॅक थॉम्पसन याने त्याला ‘खाली बस, हे आपणच आहोत’ असे सुनावले, अशी आठवण सांगितली जाते. दोघांचा वाद कर्त्याचाच होता.

चित्रपटही यातून सुटत नाही. शिकारीची दृश्ये खऱ्या शिकारीची आहेत. शेवटी एक निवेदन येते: शिकार परवानाधारक व्यावसायिकांनी केली, आणि कांगारूंचे अस्तित्व धोक्यात असल्यामुळे प्राणिकल्याण संस्थांशी सल्लामसलत करून ती दाखवली आहे. हेतूवर मला शंका नाही. तरी त्या निवेदनातही मला ‘हातून झालं’ ऐकू आले: शिकार होणारच होती, आम्ही कॅमेरा धरला. आणि ते प्राणी खरोखर मरत आहेत हे माहीत असताना मी डोळे मिटले नाहीत. म्हणजे त्या रांगेत मीही आलो.

सुरुवातीला आगगाडीत ग्रँटला सहप्रवासी बिअर देऊ करतात, तेव्हा तो नाही म्हणतो. परतीच्या गाडीत पुन्हा कुणीतरी देऊ करते आणि तो घेतो. तो माणसांत आला की कायमचा पकडला गेला, हे मला दोनदा पाहूनही ठरवता आलेले नाही.

त्या मुलाचे पूर्ण नाव मला आठवते. आजकाल माणूस शोधणे अवघड नाही. फोन केला तर पहिले वाक्य काय असावे याचे मी बरेच मसुदे केले. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे सगळ्यात ओघवते होते. ते मी खोडले आहे. ‘तो पेला मी दिला’ एवढेच सध्या कागदावर आहे. पुढचे वाक्य त्याचे असेल.