बाकड्यावर बसलेली आई



दिवाळीची सुट्टी संपली. शाळा पुन्हा सुरू झाल्या. रविवारच्या मिस्सानंतर आपल्या चर्चच्या अंगणात मुले एकमेकांना विचारतात, ‘तू कुठं गेला होतास?’ कोणी मामाच्या गावाला गेलेले असते, कोणी अजिंठ्याला, तर कोणाची सुट्टी कापूस वेचण्यातच गेलेली असते. वर्तमानपत्र उघडावे तर पानभर सहलींच्या जाहिराती. सिंगापूर, दुबई, हाँगकाँग! पूर्वी परदेश म्हणजे पुस्तकातली गोष्ट होती. आता मराठी सहल कंपन्यांनी ती मध्यमवर्गीयांच्या दारापर्यंत आणून ठेवली आहे.

प्रवासाची हौस आपल्या मातीला नवी नाही. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाच्या दगडांवर दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. तेव्हा माणसाने घराबाहेर पडावे, जग पाहावे, यात वावगे काहीच नाही. आज मात्र आम्हाला आमच्याच एका सहलीची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सिंगापूरला होता. त्याने आईसाठी आणि आमच्यासाठी तिकिटे पाठवली. बिशप स्वामींची परवानगी घेऊन आम्ही आठ दिवस गेलो. आईने आयुष्यात प्रथमच विमान पाहिले. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०१० सालापासून एक प्रचंड मोठे थीम पार्क आहे. एका सकाळी आम्ही सगळे तिथे निघालो. आई, भाऊ, भावजय, पुतण्या, पुतणी आणि त्यांचे फादर काका. आईने पहाटे उठून धपाटे केले, तिळाची चटणी डब्यात भरली.

पहिल्याच मोठ्या राइडपाशी आई म्हणाली, ‘तुम्ही जा रे बाळांनो. मला चक्कर यायची. आन् सामानाजवळ कोणी नको का?’ आम्ही बॅगा, पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या टोप्या तिच्याजवळ ठेवल्या आणि रांगेत जाऊन उभे राहिलो. एक झाली, मग दुसरी, मग तिसरी. मुले ओढत होती आणि खरे सांगायचे तर आम्हीही काही कमी उत्साहात नव्हतो. चाळिशीला टेकलेला धर्मगुरू लहान मुलासारखा ओरडत होता! मधून मधून कोणीतरी म्हणे, ‘आजी आहे ना तिथं?’ दुसरा म्हणे, ‘आहे, आहे.’ पाहायला मात्र कोणी गेले नाही. आम्ही परत आलो तेव्हा जवळजवळ तीन तास झाले होते.

रात्री घरी सगळे फोटो पाहायला बसलो. १८६ फोटो होते. पुतणी मोजत होती. मोजता मोजता तिने विचारले, ‘काका, यात आजी कुठंय?’ आजी एकाच फोटोत होती, सकाळी दारातून आत शिरतानाच्या. आम्ही ओशाळलो. आईला विचारले, ‘आई, तू दिवसभर काय पाहिलंस?’ ती म्हणाली, ‘माणसं पाहिली. एक चिनी म्हातारी शेजारी येऊन बसली. तिच्यापाशीबी पिशव्याच होत्या. मी तिला धपाटं दिलं, तिनं मला संत्रं दिलं. तिची भाषा मला कळली नाही, पण ती माझ्याजवळ बसली होती.’

आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. कुटुंबाविषयी प्रवचने देणारे आम्ही. विवाहपूर्व शिबिरांत तरुणांना एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण यांचे महत्त्व सांगणारे आम्ही. आणि आमच्या आईच्या जवळ बसली ती एक परकी बाई.

पुढे आमच्या वाचनात एक गोष्ट आली. आज जगभर जी थीम पार्के आहेत, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध डिस्नेलँड हे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अनाहाइम गावी १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. ते उभारणारे वॉल्ट डिस्ने यांनी त्यामागची कल्पना कुठून सुचली हे स्वतः सांगून ठेवले आहे. त्यांना डायान आणि शॅरन अशा दोन मुली. सुट्टीच्या दिवशी ते मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जात. तिथे गोल फिरणारे लाकडी घोडे होते. मुली घोड्यांवर बसत आणि वडील बाकड्यावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राहत. त्या बाकड्यावर बसून त्यांना वाटले की, आईबाप आणि मुले यांना एकत्र आनंद घेता येईल अशी एखादी जागा का असू नये? त्या दिवसांची आठवण म्हणून ग्रिफिथ पार्कातले एक बाकडे डिस्नेलँडमध्ये आजही ठेवलेले आहे.

म्हणजे पाहा, बाकड्यावर कोणी एकट्याने बसू नये म्हणून ज्या प्रकारच्या जागेची कल्पना निघाली, तशाच जागेत आम्ही आमच्या आईला तीन तास बाकड्यावर बसवून ठेवले. कोट्यवधी खर्चून यंत्रे उभी करता येतात, पण शेजारी कोणी बसायचे हे यंत्राला ठरवता येत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

कोणी म्हणेल, ‘फादर, तुम्ही मौजमजेच्या विरुद्ध बोलता.’ मुळीच नाही! संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांचा गंभीरपणे विचार केला आहे. तिथे ते संत योहानाविषयीची एक जुनी गोष्ट सांगतात. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, ‘हे असेच सतत करता येईल का?’ तो म्हणाला की, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. तेव्हा विश्रांती हवी, खेळ हवा, हसणे हवे. प्रश्न आहे तो खेळताना आपल्यापैकी कोण मागे राहिले हा.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय २, वचने ४१ ते ५२) पवित्र कुटुंबाच्या एका प्रवासाची हकिकत आहे. येशू बारा वर्षांचा असताना योसेफ आणि मरिया त्याला घेऊन वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेले. नासरेथहून शंभर किलोमीटरपेक्षा अधिक वाट, बरोबर नातेवाईक आणि ओळखीचे लोक. परत निघताना मुलगा सोबतच्या घोळक्यात असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. संध्याकाळी शोध घेतला तर मुलगा नाही! मग माघारी फिरणे, तीन दिवसांनी मंदिरात त्याचे सापडणे आणि आईच्या तोंडून निघालेला तो व्याकूळ प्रश्न.

बंधुभगिनींनो, योसेफ आणि मरिया निष्काळजी नव्हते. तरीही ‘असेल सोबत’ असे गृहीत धरून त्यांच्या हातून एक दिवस निघून गेला. जगातल्या सर्वांत पवित्र घरातही हे घडू शकले, तर आपली काय कथा! परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. ध्यानात येताच ते थांबले आणि आलेली सारी वाट मागे गेले. आणि शेवटी येशू त्यांच्याबरोबर खाली नासरेथला आला, त्यांच्या आज्ञेत राहिला. हरवलेले कुटुंब पुन्हा एकत्र घरी आले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताची ओळख झाली. १९२९ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्या शिकवणीचे सार असे की, एखादा माणूस खोलीत असूनही आपल्याजवळ नसतो, तर दूर असलेला दुसरा कोणी खरोखर आपल्याजवळ असू शकतो. कारण ‘सोबत असणे’ हे दुसऱ्यासाठी मनाने मोकळे असण्यावर अवलंबून असते. तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ आम्हाला त्या चिनी आजीने शिकवला.

आता आपण भोकरदनला येऊ. आपल्यापैकी फारच थोडे जण परदेशात जातील. काही कुटुंबांसाठी तर ‘सगळ्यांनी मिळून बाहेर जाणे’ याचा अर्थ वेगळाच आहे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. ज्यांनी उचल घेतली आहे, ते नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. ही आजीसुद्धा बाकड्यावरच बसलेली आहे. घर, शेरडे, नातवंडे, सारे सांभाळत. तिच्याजवळ कोण बसते? तिची औषधे संपली का, हे कोण विचारते? ही जबाबदारी दूर गेलेल्या मुलांची जशी आहे, तशी गावात राहिलेल्या आपलीही आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस आईबापांना नेहमी विचारीत की, तुम्ही आपल्या मुलांबरोबर वेळ ‘वाया’ घालवता का? आणि वृद्धांचा विसर पडू नये म्हणून त्यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा दिवस म्हणून सुरू केला. पण वर्षातून एक दिवस पुरणार नाही. म्हणून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, पाळी बदला. परदेशातल्या मोठ्या पार्कांत एक चांगली पद्धत आहे. लहान मुलाला राइडवर नेता येत नसेल तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. आपल्या घरात हीच पद्धत आणू या. स्वयंपाक, आजाऱ्याजवळ बसणे, लग्नात सामान राखणे, हे नेहमी एकाच बाईच्या वाट्याला का यावे?

दुसरी, रोज संध्याकाळी मोजणी करा. जेवायला बसताना पाहा, कोण नाही? जो समोर बसून मोबाइलमध्ये आहे, तोही नाही असेच धरा. जो दूर आहे त्याला फोन करा. त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा.

तिसरी, नाताळानंतर आपल्या धर्मग्रामाची अजिंठ्याची सहल निघेल. या वेळी आजी-आजोबांची नावे आधी लिहून घेतली जातील. ज्यांना चढण झेपत नाही, त्यांच्यासाठी तिथे डोली मिळते. खर्च सर्वांनी मिळून करू. सामानाजवळ अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी बदलेल. पहिली पाळी आमची.

आमची आई आता फारशी चालत नाही. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा ओट्यावर तिच्या शेजारी दुपारभर बसलो. फारसे बोलणे झाले नाही. उठताना ती म्हणाली, ‘आज लई फिरून आल्यासारखं वाटलं.’

हे प्रभू येशू, तू मरिया आणि योसेफ यांच्याबरोबर नासरेथच्या घरी परत आलास. आमच्याही घरी ये. आमच्यातले जे मागे राहिले आहेत, त्यांच्याकडे वळण्याची आम्हाला बुद्धी दे. आमेन.

ख्रिस्ताठायी आपले,
प्रमुख धर्मगुरू