उंबरठ्याच्या आतली हवा

रस्त्यावरून एखादा ट्रक काळा धूर सोडत गेला की आपण नाकाला रुमाल लावतो आणि सरकारला दोष देतो. घरात पाऊल टाकले की रुमाल खिशात जातो. घरची हवा ती आपली, मग तिच्यात वाईट काय असणार? पण संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्याच घरांत काय काय जळत असते ते पाहू या. मागच्या पडवीत अंघोळीच्या पाण्यासाठी चूल धुमसत असते. तव्यावर सुके बोंबील भाजले जात असतात. डास येतात म्हणून खिडक्या लावून कॉइल पेटवलेली असते आणि आरामखुर्चीत बसून कोणीतरी विडी ओढत असते. उदबत्तीचे नाव घेतले तर काहींना राग येईल, पण तिचा धूरही धूरच.

यातल्या कॉइलविषयी थोडे सांगायला हवे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके कण सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. कॉइलजवळ झोपलेले मूल तितक्या सिगारेटी ओढते असा याचा अर्थ नव्हे. धूर खोलीभर पसरतो आणि कॉइलमध्ये तंबाखूही नसतो. पण खोली बंद असेल तर तो धूर जाणार कुठे? हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसात खोलवर उतरतात.

चुलीचे तर विचारूच नका. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८१ साली गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच यंत्रे लावून धूर मोजला. त्याआधी प्रदूषण मोजायचे ते शहरातल्या चौकात, गाड्या आणि कारखाने जवळ असतील तिथे. स्मिथ यांनी मोजणी नाकापाशी नेली. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की दम लागण्याचा जो कायमचा आजार ‘सीओपीडी’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या पाव भागाहून अधिक रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यात पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती.

माहिती झाली. अवघड प्रश्न पुढेच आहे. घरातली हवा कोणाची?

जेवण ताटात वाढून घेता येते, पैसे वाटून घेता येतात. हवा वाटता येत नाही. विडी ओढणारा एक, पण श्वास घेणारे पाच. त्यातही ज्याला खोलीबाहेर जाता येत नाही त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त धूर येतो: पाळण्यातले बाळ, अंथरुणाला खिळलेली आजी, ओट्यापाशी उभी असलेली सून. तान्हे बाळ मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेते, मोठा माणूस बारा ते वीस. आणि तक्रार करणे सर्वांत कठीण जाते तेही याच तिघांना.

कायदा इथे मदतीला येत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंडही आहे. त्यामुळे स्टेशनवर जो माणूस खिशातली सिगारेट खिशातच ठेवतो, तोच घरी येऊन नातवाशेजारी ती पेटवतो. ‘माझे घर, माझी मर्जी’ हे त्याचे उत्तर. आम्हाला ते पटत नाही. घर त्याच्या नावावर असेल, नातवाची छाती त्याच्या नावावर नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पन्नास वर्षे विडी ओढलेल्या सासऱ्यांना ‘बाहेर जा’ म्हणायचे कसे? त्यांनीच ते घर बांधले. अशा वेळी मुलगा गप्प बसतो आणि सुनेने काही तरी बोलावे अशी वाट पाहतो. ती बोलली की उद्धट ठरते. आमच्या मते हे बोलणे मुलाचेच काम आहे. नुसते बोलूनही भागणार नाही. ओटीवर खुर्ची मांडावी, आणि तिथे वडिलांजवळ थोडा वेळ बसावेही, म्हणजे त्यांना घराबाहेर काढल्यासारखे वाटणार नाही. डासांचेही तसेच. डेंग्यू-मलेरियाची भीती खोटी नाही, म्हणून कॉइल बंद करणाऱ्याने आधी मच्छरदाणी आणावी, खिडकीला जाळी बसवावी, कुंडीखालचे पाणी ओतून टाकावे.

हे झाले स्वतःच्या घराचे. पण आपल्यापैकी अनेकांनी वाडीत भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. त्यांतल्या काहींना एकच दार आहे, खिडकी नाही. तिथे स्वयंपाक, झोप आणि पोरांचा अभ्यास एकाच हवेत चालतो. भाडेकरू तक्रार करत नाही, कारण खोली गेली तर दुसरी कुठे शोधायची? भिंत फोडून एक खिडकी बसवायला किंवा धूर बाहेर फेकणारा पंखा लावायला किती खर्च येतो, ते गवंड्याला विचारून घ्यावे आणि तो आकडा महिन्याच्या भाड्याशेजारी लिहून पाहावा.