मी त्यातला नाही

कॅनडाचा व्हिसा मला कॅनडा पाहण्यासाठी नको होता. अलास्काचं जहाज सिएटलहून सुटतं, जुनो, स्कॅगवे, केचिकन करत फिरतं आणि परतीच्या वाटेवर संध्याकाळचे काही तास व्हिक्टोरियाच्या धक्क्याला लागतं. बाकी सगळी बंदरं अमेरिकेची, हे एक कॅनडाचं. तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टावर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. खाली न उतरता केबिनमध्ये झोपून राहायचं असलं तरी लागतो. अमेरिकेचा व्हिसा आहे, कितीही वेळा ये-जा करण्याचा आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. अर्जाचे १०० कॅनेडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे ८५. माणशी.

मला राग आला, आणि तो काही केल्या जाईना. पैशांचा असेल असं आधी वाटलं. पण ज्या सहलीवर इतका खर्च करायला मी तयार होतो, तिच्यात हे पैसे खुपावेत? मग शोध घेतला की जहाज मुळात व्हिक्टोरियाला जातंच कशाला. तर अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, नुसती अमेरिकेचीच बंदरं दाखवून परत आणता येत नाही. मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. अमेरिकन जहाजमालकांचं हित जपायला केलेला कायदा. आणि ही अवाढव्य क्रूझ जहाजं बहुतेक नोंदलेली असतात बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी, कारण तिथले कराचे आणि कामगारांचे नियम सोयीचे पडतात. म्हणजे जहाजाने आपलं राष्ट्रीयत्व सोयीने निवडायचं आणि त्यापायी ठाण्यातल्या निवृत्त माणसाने दहा बोटांचे ठसे द्यायचे! हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी ऐकवलं आहे. लोक हसतात. मला ते अजूनही आवडतं, आणि त्यात खोटंही काही नाही. पण राग तिथला नव्हता.

तो होता अर्जातल्या प्रश्नांचा. बँकेचे उतारे, पेन्शनचे कागद, घर कोणाच्या नावावर, मुलं कुठे राहतात आणि काय करतात. सगळ्याचा रोख एकच: तुम्ही परत जाल हे आम्हाला पटवून द्या. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात तर हे सरळच लिहिलेलं आहे. व्हिसा मागणारा माणूस कायम राहायलाच येतो आहे असं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. मी कागद जुळवता जुळवता मोठ्याने म्हणालो, "मी काय तिथे राहायला चाललोय? मी त्यातला नाही."

बायको पलीकडे भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, मग त्यातला कोण?"

उत्तर मी दिलं नाही, पण ते तयार होतं. डोळ्यांसमोर एक तरुण उभाच राहिला. एजंटाला शेत विकून पैसे देणारा, इंग्रजी तोडकंमोडकं, एकदा पाय टेकला की नाहीसा होणारा. त्याचे कपडेसुद्धा मला दिसत होते. हा माणूस मला कधी भेटला होता? कधीच नाही. तरी त्याच्याच रांगेत मला उभं केल्याचं दुःख मी इतके दिवस कुरवाळत होतो. रांग आहे याबद्दल माझी तक्रारच नव्हती. निवृत्त अधिकाऱ्यांसाठी वेगळी खिडकी काढली असती, तर मी आभार मानून ठसे दिले असते आणि त्या तरुणाचं काय होतं याची चौकशीही केली नसती.

त्यात मुलांच्या पत्त्याचा रकाना आला. तिथे मी लिहिलं रेडमंड, वॉशिंग्टन राज्य. आमचा मुलगा शिकायला गेला आणि नोकरी लागून तिथेच राहिला. सगळं कायदेशीर, एकेक कागद चोख. पण विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीलाही शिक्षण संपवून परत येईन हेच सांगावं लागतं, आणि त्या उत्तराची तयारी आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाली होती. मी अधिकारी व्हायचो, तो उत्तर द्यायचा. ते खोटं होतं का? त्या दिवशी बहुधा नव्हतं. की खरं काय ते आम्ही एकमेकांना विचारलंच नाही? माझ्या अर्जाकडे संशयाने पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पुरावा हवा असेल तर तो मीच माझ्या हाताने भरून दिला होता.

व्हिक्टोरियाबद्दल वाचताना त्याच प्रांतातला, ब्रिटिश कोलंबियातला, एक जुना प्रसंग पुन्हा समोर आला. शाळेत शिकलो होतो, म्हणजे गदर चळवळीच्या धड्यात नाव पाठ केलं होतं. २३ मे १९१४ रोजी 'कोमागाता मारू' ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकूव्हरच्या बंदरात पोचलं. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. ही सगळी माणसं ब्रिटिश साम्राज्याची प्रजा, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातलं. पण कॅनडाचा १९०८ चा नियम होता की मायदेशातून न थांबता, सलग प्रवास करून यायला हवं. भारतातून तसं थेट तिकीट मिळण्याची सोयच ठेवलेली नव्हती. शिवाय आशियाई माणसाच्या खिशात २०० डॉलर हवेत. दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभं राहिलं, आधीपासून कॅनडात राहणारे थोडे सोडले तर कोणाला उतरू दिलं नाही, आणि २३ जुलैला ते परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे उतरल्यावर गोळीबार झाला, त्यांतले काही मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ ला. व्हँकूव्हरच्या कोल हार्बरला त्या लोकांचं स्मारक आहे, क्रूझचा धक्का तिथून चालत जाण्याइतका जवळ.

या इतिहासाचा मी काय उपयोग केला? लगेच स्वतःला त्या जहाजावर चढवलं. बघा, शंभर वर्षांत काही बदललं नाही, तेव्हा २०० डॉलर, आता बँकेचे उतारे! किती सोपं होतं ते. पण त्या जहाजावरची माणसं कष्ट करून तिथेच राहण्यासाठी निघाली होती आणि तसं उघड म्हणत होती. ज्या तरुणापासून मी चार हात लांब राहू पाहत होतो, तोच तर होता तिथे. मी १९१४ मध्ये असतो तर बहुधा एखाद्या कचेरीत साहेबाला सांगत असतो की मी त्यातला नाही.

आणि १९१४ कशाला? एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' ही क्रूझ भारतीय कर्मचाऱ्यांना घेऊन मुंबईबाहेरच्या समुद्रात थांबली होती. त्यांत गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, होते. व्हिसाचा प्रश्नच नव्हता, पासपोर्ट माझ्यासारखेच, देश आपलाच, पण उतरायला परवानगी नाही. घरचे लोक सरकारला विनवत होते. बातमी पाहताना मी म्हणालो होतो, "आत्ताच कशाला आणायचं यांना? जहाजावर सगळ्या सोयी असतात, राहू देत की." साथ होती, भीती खरी होती, हे समर्थन अगदीच पोकळ नाही. त्यांची तपासणी झाली, २३ एप्रिलला ते उतरले, आणि मी विसरलो. ते वाक्य आता का आठवलं, ते मला कळतं आहे असं वाटतं.

व्हिसाच्या या शोधाशोधीत दोन आंतरराष्ट्रीय करार वाचनात आले. एक १९६५ चा, सागरी वाहतूक सुलभ करण्याचा. त्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे की क्रूझ जहाज बंदरात ७२ तासांहून कमी थांबणार असेल तर प्रवाशांना व्हिसाची गरज नसावी. अपवाद त्या त्या देशाने ठरवलेल्या खास परिस्थितीचा. तुर्कस्तानच्या २०१३ च्या कायद्यात क्रूझच्या प्रवाशांना ७२ तासांची अशी मोकळीक आहेही. दुसरा २००३ चा, खलाशांच्या ओळखपत्रांचा. खलाशाला किनाऱ्यावर पाय मोकळे करायला व्हिसा लागू नये, असं तो म्हणतो. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला, अमेरिकेने नाही. म्हणून अमेरिकेच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावरचा व्हिसा नसलेला खलाशी गावाचे दिवे डेकवरूनच पाहतो. पहिल्या कराराखाली मी पेन्सिलने रेघ मारली. दुसरा भराभर वाचून पुढे गेलो, तो माझ्याबद्दल नव्हता.

७२ तासांवरून मात्र वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. कॅनडाने हे कलम पाळावं, असा मुद्दा. मग वाटलं, आपण तरी पाळतो का, ते लिहायला हवं. आपल्याकडे मुंबई, मुरगाव, कोची अशा बंदरांवर ई-व्हिसा चालतो, पण तोही आधी अर्ज करूनच. समजा, बॅलार्ड पिअरला लागणाऱ्या जहाजातल्या सगळ्यांना ७२ तास मोकळे दिले. जपानी? येऊ देत. ब्रिटिश, जर्मन? जरूर. बांगलादेशी? इथे पेन थांबलं. पाकिस्तानी, त्याचं तर विचारूच नका. नायजेरियन? नायजेरियाच्या माणसाने माझं काय वाकडं केलं होतं, हे अजून मला सांगता आलेलं नाही. पण 'खास परिस्थिती' या शब्दांखाली त्याचं नाव घालताना हात अडखळला नव्हता.

बायकोने पत्राचं विचारलं तेव्हा म्हटलं, थोडं बाकी आहे. सवलत सर्वांसाठी मागायची की फक्त भारतीय प्रवाशांसाठी, एवढंच ठरायचं आहे. तिने विचारलं, "भारतीय म्हणजे सगळेच का?" ठसे द्यायची तारीख पुढच्या मंगळवारची आहे.