कोणाचा दोष?

१९९१ साली माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वाडीत केळीला पाणी लावताना टाचेत काटा रुतला होता. तो त्यांना कळलाच नाही, कारण मधुमेहाने पायाची संवेदना केव्हाच गेली होती. जखम चिघळली तेव्हा आम्हाला वास आला. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य ऐकवीत असे, "सांगून ऐकलं नाही, तोंडावर ताबा नव्हता." बाबा आतल्या खोलीत पडून हे ऐकत असत. मी शाळामास्तर होतो आणि चूक कोणाची हे ठरवण्याची मला सवय होती. दोन वर्षांनी बाबा गेले.

२००९ साली माझ्याच रक्तात साखर निघाली.

पहिली काही वर्षे मी काय केले ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण तेच करीत असतील. तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, रात्री नुसती भाजी आणि आमटी. रिपोर्ट बरा येई. डॉक्टर खूश होत आणि घरी येताना मी बेकरीत शिरत असे. मग एका नव्या डॉक्टरांनी एचबीए१सी ही चाचणी करायला लावली. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते, तिथे दोन दिवसांची साधुगिरी चालत नाही. आकडा आला ९.४. डॉक्टर काही बोलले नाहीत, कागद फक्त माझ्याकडे सरकवला. कुमसारात सांगावे असे हे पाप आहे का, हा विचार परतीच्या रिक्षात माझ्या मनात आला, हे खरे.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. माणूस आपल्या आजाराला जबाबदार असतो का?

'खाल्लं म्हणून झालं' हे उत्तर सोपे आहे आणि निरोगी माणसाला ते फार आवडते. पण माझे बाबा काटकुळे होते. पहाटे चारला उठून वाडीत राबणारा माणूस. त्यांना बसून खाणारा कोण म्हणेल? याचा उलगडा मला पुण्यातल्या एका संशोधनात सापडला. तिथल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही मोजली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५. बाळे बारीक, पण वजनाच्या मानाने त्यांच्यात चरबी अधिक आणि स्नायू कमी. म्हणजे या आजाराची तयारी काही अंशी आईच्या पोटातच होत असते. अर्धपोटी राहून वाडीत राबलेल्या माझ्या आजीचा यात कोणता दोष?

हे वाचून मला बरे वाटले. नको तितके बरे वाटले. 'आमच्या घराण्यातच आहे, देवाची इच्छा' असे मी म्हणू लागलो आणि दुसरी भाकरी मागून घेऊ लागलो.

पण ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेला एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. नव्याने निदान झालेल्या मधुमेहींपैकी ज्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार पंचवीस टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे आजार माझ्या दोषाने आला नसला, तरी उद्या माझे डोळे शाबूत राहतील की नाही यात माझा हात आहेच.

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न केला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. हे आपण सर्वांनी प्रवचनात ऐकले आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. डोळ्यांना चिखल लावल्यावर त्या आंधळ्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला जायला सांगितले, आणि तो स्वतःच्या पायांनी गेला. दोष नसलेल्या माणसालाही चालावे लागले.

चालणे सोपे नाही हेही कबूल केले पाहिजे. दारू एकदा सोडली की सोडली, असे म्हणता येते. अन्नाचे तसे नाही. संत ऑगस्टिन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात हीच अडचण मांडली आहे. इतर वासना त्यांना एका घावात तोडता आल्या, खाणे तसे तोडता येत नाही. औषध घ्यावे तसे अन्न घ्यावे हे ते शिकले, पण भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते हे त्यांनाही नेमके कळत नसे. बिशपांचे हे हाल, तर माझ्यासारख्याने फुग्यांच्या ताटापुढे काय करावे?

शिवाय हा 'ताबा' माझ्या एकट्याचा आहे का? मी निवृत्त आहे, जेवणानंतर अर्धा तास फिरायला माझ्याकडे वेळ आहे. विरार लोकलने रात्री दहाला घरी पोचणाऱ्या माझ्या मुलाला तो नाही. माझ्या ताटात भात किती पडतो हे सून ठरवते. आणि लग्नात, बारशात, चर्चच्या सणाला "एका तुकड्याने काय होतं, आमच्या हातचं खाणार नाही का?" असा आग्रह करणारे आपणच असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्या मंडपातही प्रत्येक पंगतीला काहीजण असणारच. त्यांना 'नको' म्हणताना शरम वाटू नये, एवढे तर यजमानाच्या हातात आहे.

उपवासकाळाबद्दलही एक सांगायला हवे. राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवास साठी गाठलेल्यांवर बंधनकारक नाही, आजाऱ्यांवरही नाही. तरी इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन उपाशी राहणारे भाविक मी पाहिले आहेत. साखर एकदम खाली गेली तर माणूस मिस्सेतच कोसळतो. आधी डॉक्टरांना विचारा.

माझा आकडा आता सातच्या आसपास असतो. नाताळानंतर वर जातो, पुन्हा खाली आणावा लागतो. चाचणीआधीचे नाटक बंद केले आहे.

गेल्या महिन्यात हे सगळे मी आईला समजावून सांगत होतो, पुण्याची बाळे, पायाच्या नसा, रोज रात्री तळवे तपासणे. आई आता नव्वदीच्या घरात आहे. सुकेळी निवडत तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझ्या बाबाला हे पाय बघायचं कोणी सांगितलं होतं का रे?"

मी आठवून पाहिले. आम्ही त्यांना सांगत होतो ते फक्त खाऊ नका एवढेच.