मूठमाती

टाळगाव चिखली हे आपल्या संप्रदायातले मानाचे गाव. तुकोबाराय वैकुंठी निघाले तेव्हा त्यांचे टाळ येथे पडले, अशी परंपरा आहे. महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांतले मल्हारपंत कुलकर्णीही येथलेच. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून या बाजूला कीर्तन आटोपले की कोणीतरी आम्हांस हटकतो, "बुवा, देह मातीचाच ना? मग जुन्या मसणवट्यांनी जागा का अडवावी?"

प्रश्नात वेदान्त आहे खरा, पण सोयीचा. देह नाशवंत, हे आपापल्या देहाविषयी म्हणावयाचे असते. दुसऱ्याच्या मढ्यावर उभे राहून म्हटले की त्याचा नुसता व्यवहार होतो.

पुरणे आपल्याला परके, असेही कोणी समजू नये. दोन वर्षांआतले मूल पुरावे, हे मनुस्मृतीतच आहे. संन्याशालाही अग्नी नाही. लिंगायत आणि गोसावी समाधीच देतात. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांचे तर सांगावयासच नको.

आता सुदुंबऱ्याचे पाहा. संताजी जगनाडे जातीने तेली, चाकणचे. महाराजांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. "तुझ्या अखेरीस माती द्यायला मी येईन," असे तुकोबांचे त्यांना वचन होते. पण महाराज शके १५७१ मध्येच गेले. पुढे संताजींचा अंत झाला. लोकांनी माती लोटली, पुन्हा लोटली, तरी मुख काही झाकेना. शेवटी तुकोबा वैकुंठाहून आले, मूठभर माती घातली, तेव्हा कुठे मुख झाकले गेले. कथेची चिकित्सा करणारे करोत बापडे! आम्हांस नवल वाटते ते निराळेच. देहूस वैकुंठस्थान आहे, तुकोबांची समाधी नाही. ज्यांना स्वतःला मूठमाती लागली नाही, त्यांनाच दुसऱ्याच्या मातीसाठी खाली यावे लागले, असे आपल्या वाडवडिलांनी मानले. आपण मात्र एखादी रूढी टाकली की 'तिला मूठमाती दिली' म्हणतो. शब्द तोच, पण त्यातले ऋण गेले.

आणि हे ऋण आपपर पाहत नाही. तुकोबारायांची पालखी इनामदारवाड्यातून आकुर्डीकडे निघते, तेव्हा पहिली आरती कोठे होते? अनगडशहा फकिराच्या दर्ग्यापाशी. ज्यांच्या शापाने रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह झाला म्हणतात, तेच हे अनगडशहा. हजारो वारकरी तेथे थांबतात. ही कोणाची कबर, असे कोणी विचारीत नाही.

रस्ता हवा, पाण्याची टाकी हवी, हे आम्हांस कळते. जिवंतांनाही जागा लागते, आणि मसणवटा कधीच हलवू नये, असा आमचा हट्ट नाही. पण हलवण्याआधी विचारावयाचे कोणाला? सातबारा पाहून भागत नाही. बारशाआधी गेलेल्या लेकराचे नाव कोणत्या कागदावर असणार? त्याची आई म्हातारी झाली, तरी कोणत्या झाडाखाली ते ठेवले हे तिला ठाऊक असते. मोजणीच्या दिवशी पहिले बोलावणे तिला जावयास हवे.