‘मागे कोण आहे?’

द्रौपदी मुर्मू २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपती झाल्या. चार महिने उलटायच्या आत पश्चिम बंगालमधल्या अखिल गिरी या मंत्र्याने भर सभेत त्यांच्या दिसण्यावर शेरा मारला. गदारोळ झाला, ममता बॅनर्जींना पक्षाच्या वतीने माफी मागावी लागली आणि प्रकरण मिटलं. अशा शेऱ्यांची मला फारशी धास्ती वाटत नाही, कारण शेरा मारणारा पकडला जातो. ‘एवढ्या मागासलेल्या समाजातून येऊन कुठवर पोचल्या बघा’ असं कौतुकाने म्हणणारा कधीच पकडला जात नाही. त्याचंच पुढचं वाक्य बहुधा ‘पण बसवलंय कोणी ते माहीत आहे ना?’ असं असतं.

मुर्मूंची निवड हा भाजपचा राजकीय हिशेब होता, यात शंका नाही. पण कोणत्या राष्ट्रपतीची निवड हिशेबाविना झाली? १९७५ साली राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर निमूट सही केली. त्याबद्दल त्यांना आजही बोल लावला जातो, पण तो त्या माणसाला लागतो. मुर्मू गप्प राहिल्या की मात्र त्यांच्या आदिवासी जमातीचा स्वभाव काढला जातो: साधी माणसं, सांगितलं तसं वागणारी. अमेरिकेत ओबामा अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या जन्माचा दाखला मागितला गेला. २०११मध्ये पूर्ण दाखला जाहीर झाला, तरी संशय घेणाऱ्यांचं समाधान झालं नाही. तिथे शंका होती की हा माणूस आमचा नाही. आपल्याकडे अशी शंका कोणी घेत नाही. आदिवासी आमचेच, अगदी मूळचे. त्यांना स्वतःची बुद्धी असेल, एवढंच आपल्या मनात येत नाही.

डहाणू-तलासरीत हा समज जुना आहे. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. त्या वर्षीच्या गवताच्या हंगामात ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढी मजुरीची मागणी होती. जमीनदारांनी आणि सरकारने तिचा अर्थ असा लावला की वारली भोळा आहे, त्याला बाहेरच्या कम्युनिस्टांनी चिथावलंय. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठली, म्हणून माणसं त्यांच्या रक्षणासाठी जमली होती. त्यातली पाच जणं मारली गेली, जेठ्या गांगड त्यांतला एक. सहा वर्षांपूर्वीच, १९३९मध्ये, सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला अहवाल देऊन इथल्या वेठीची आणि जुलमाची माहिती लिहून ठेवली होती. चिथावणीसाठी लांब जायची गरजच नव्हती. अडीच रुपयांचा हिशेब ज्याचा हात विळ्यावर, त्याला कळत होता.

खरं तर डाव्यांनीही ही गोष्ट सांगताना वारल्यांवर थोडा अन्यायच केला. ‘गोदाराणी’ आली आणि वारली जागा झाला, असंच आपण ऐकत आलो. बाईंचं मोठेपण निर्विवाद. पण संप चालवायचा, पोलीस येत असताना पाड्यापाड्यांत निरोप पोचवायचे, सावकाराचं धान्य बंद झालं तरी तगायचं, हे बाहेरून येऊन कोणी करून देत नाही.

आज डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराला मच्छीमार आणि आदिवासी विरोध करतात. ३० ऑगस्ट २०२४ला बंदराचं भूमिपूजन झालं, तरी विरोध मिटलेला नाही. त्या विरोधाबद्दल सगळ्यात सोपं वाक्य अजूनही तेच: यांना कोणीतरी भडकवतंय. बंदर हवं की नको यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. हे वाक्य बोलणाऱ्याला मात्र वादच घालायचा नसतो.

डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या जंगलपट्टीतल्या गावात ही गोष्ट राष्ट्रपतीपदाइतकी लांबची नाही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीचा सरपंच आदिवासीच असतो. गावातलं नेतृत्व कायद्याने बदललं, त्याला आता तीन दशकं होत आली. तरी या पट्ट्यात बरेचदा कागद उपसरपंचाकडे किंवा ग्रामसेवकाकडे जातात, ठेकेदार त्यांच्याशी बोलतो आणि सरपंचाकडे येतो तो फक्त सहीसाठी. मग तेच लोक सांगतात, ‘सरपंच नावाचाच आहे हो.’ ज्याला कारभारापासून दूर ठेवलं त्यालाच कारभार जमत नाही, असा हा दाखला. ‘राखीव जागेवरून आलाय’ हे वाक्य त्याच्या सोबतीला असतंच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अशी कुजबूज कोणाच्या तोंडी आली नसावी. भिंतीवरचा वारली सगळ्यांना चालतो, तो काही मागत नाही. २०१४ला वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, हॉटेलांच्या भिंतींवर तारपा नाच रंगला. तारपा वाजवणारा सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे गेला की त्याचं काम उद्यावर जातं.

मुर्मूंबद्दलचा आदर खरा असेल तर त्यांच्याकडे काहीतरी मागायला हवं, आणि नाही मिळालं तर रागवायलाही हवं. २८ मे २०२३ला नव्या संसद भवनाचं उद्घाटन राष्ट्रपतींविना झालं, तेव्हा विरोधी पक्षांना आदिवासी अस्मिता एकाएकी आठवली आणि सत्ताधाऱ्यांना ती तेवढ्या दिवसापुरती विसरायला झाली. दोघांनाही त्या तिथे असण्या-नसण्यापुरत्या हव्या होत्या. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत राष्ट्रपतींचं काम त्याहून बरंच ठोस आहे. अनुसूचित क्षेत्र कोणतं ते राष्ट्रपती जाहीर करतात, आणि त्या क्षेत्रांच्या कारभाराबद्दल राज्यपालांनी दरवर्षी त्यांना अहवाल द्यायचा असतो. डहाणू, तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. मग रानशेतच्या ग्रामसभेने ठराव करून थेट राष्ट्रपती भवनाला विचारावं की आमच्याबद्दल गेल्या वर्षीच्या अहवालात काय लिहिलंय, वनहक्काचे किती दावे पडून आहेत हे त्यात आहे का, आणि ते वाचून आपण राज्यपालांना काय कळवलं. पत्र सरपंचाने लिहावं, जावक क्रमांक घालून आपल्या सहीने पाठवावं, आणि उत्तर आलं की ते ग्रामसभेत स्वतःच वाचून दाखवावं.